पडद्यावरचा मोकळा रस्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

मावशीकडे दोन दिवसांसाठी आले होते, आज आठवडा झाला. कारण गाडीतला कॉम्प्युटर.

पण आधी मावशी. आईची धाकटी बहीण. लोकांना गाडी चालवायला शिकवते. शाळा तिची स्वतःची आहे, म्हणजे एक पांढरी गाडी, छपरावर पाटी, आणि शेजारच्या सीटच्या पायाशी मावशीसाठी वेगळा ब्रेक नि क्लच. दोन वर्षांपूर्वी एका ट्रकने हिच्या उभ्या गाडीला मागून ठोकलं, तेव्हापासून मानेत धातूची पट्टी आहे. मान खाली-वर होते, डावी-उजवीकडे होत नाही. बाजूने कुणी हाक मारली की ती अख्खीच्या अख्खी वळते, कपाट हलवल्यासारखी. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "कपाटात निदान कपडे असतात. तुझ्या डोक्यात काय आहे, भिंगरे?"

भिंगरी म्हणजे मी. दहावीनंतर शाळा सुटली, त्यानंतर छापखाना, बोटीवरचं स्वयंपाकघर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, कुरिअरची गाडी. कुठेच वर्ष भरलं नाही. इथूनही लवकरच निघायचंय. एका बेटावरच्या हॉटेलात माणसं हवी आहेत, मी हो म्हणून ठेवलंय.

तर कॉम्प्युटर. मावशीला वळून बघता येत नाही, म्हणून तिने गाडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना कॅमेरे लावून घेतले आणि समोर एक पडदा. डाव्या अर्ध्यात डावा कोपरा, उजव्यात उजवा. आरसे आहेतच, पण आरशातून कोपरे निसटतात, आणि शिकाऊ माणूस मागे बघेल यावर मावशीचा काडीचा विश्वास नाही. थोडक्यात हा पडदा म्हणजेच तिची मान. आणि हे सगळं ज्याच्यावर चालतं तो म्हातारा कॉम्प्युटर सीटखाली खोक्यात बसलाय. सुरू व्हायला इतका वेळ घेतो की आज तेवढ्यात मी एक संत्रं सोलून, बिया काढून खाल्लं.

किल्ली बंद केली की त्याची वीज जाते आणि तो धाडकन मरतो. पुन्हा किल्ली फिरवली की सगळं पहिल्यापासून. त्यात आधी नीट मेलेला नसल्यामुळे उठल्यावर स्वतःचीच तब्येत तपासत बसतो. तोवर मावशी मागच्या बाजूला आंधळी. आणि मावशी काही वाट बघत बसणाऱ्यातली नाही.

"पडदा आलेला नसताना गाडी काढतेस?" मी विचारलं.

"आरशात बघून."

"कोपऱ्यात कुणी असलं तर?"

"म्हणून तर तुला ठेवून घेतलंय. मोबाइल उघडत होतीस ना? हा मोठा मोबाइल समज."

महिनाअखेरीला वाहतूक कार्यालयाच्या तपासनीस बाई येणार आहेत, मागच्या सीटवर बसून वर्ग बघायला. मावशीला मागचं दिसत नाही असं त्यांच्या लक्षात आलं तर परवाना गेला, म्हणजे शाळा गेली. मावशी म्हणते, मला दुसरं काही येत नाही. खोटं आहे. तिला पुष्कळ येतं, फक्त दुसरं काही करायचं नाहीये. तसं चिकटून राहावं असं एखादं काम असणं कसं वाटत असेल, देव जाणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं!

कॉम्प्युटर बंद करायचाच नाही, त्याला झोपवायचा. साधी झोप नव्हे, साध्या झोपेत वीज लागतेच. अस्वलाची झोप, हायबरनेशन. म्हणजे असं : निजताना त्याच्या डोक्यात जे जे चालू आहे ते सगळं त्याने डिस्कवर उतरवून ठेवायचं आणि मग खुशाल मरायचं. वीज तोडा, खोकं उचलून कपाटात ठेवा, काही बिघडत नाही. पुन्हा वीज मिळाली की पहिल्यापासून उजळणी करायची गरज नाही. उतरवलेलं परत डोक्यात भरायचं आणि जिथे होतो तिथून पुढे.

मावशीला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे पुस्तकात खूण घालून ठेवायची."

मी अर्धा तास अस्वलावर घालवला होता.

अडचण एकच. किल्ली बंद होताच वीज जाते, तर तो लिहिणार कधी? त्यासाठी एक लहान बॅटरी हवी, जी त्याला आवराआवर करण्यापुरती धरून ठेवेल. छापखान्यात वीज गेल्यावर पिंऽपिंऽ करणारा डबा असायचा, त्यात असते तशी. तो डबा एकदा माझ्या पायावर पडला होता. छापखान्यात कागदाचा वास इतका छान यायचा की मी फक्त त्यासाठी तीन महिने राहिले. असो. उद्या बॅटरी आणायची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बॅटरी आणायला गेले आणि एका न्हाव्याच्या दुकानापाशी अडकले. आत खुर्च्या दोन आणि पिंजरे अकरा. गिऱ्हाईक दाढीला बसलं की एक पक्षी कात्रीचा आवाज काढतो, हुबेहूब. न्हावी म्हणे, "मी हात थांबवला तरी हा थांबत नाही, माणसं दचकतात, कान सांभाळतात." मी तिथे केस कापून घेतले. परतले तेव्हा बॅटरी विसरले होते.

मावशीने केसांकडे पाहिलं. "बॅटरी फारच हलकी निघाली."

पुन्हा जाऊन आणली.

९ फेब्रुवारी, रविवार

बसवली. पहिल्याच खेपेला चाललं म्हणणार होते, पण वहीशी कशाला खोटं बोलायचं. पहिल्या खेपेला झोपला तो उठलाच नाही. दुसऱ्या खेपेला उठला पण एक कॅमेरा विसरून. मग मी त्याच्या डोक्यातलं ओझं कमी केलं. नको ते सगळं काढून टाकलं, घड्याळाचे पाच प्रकार, छपाईच्या यंत्राशी बोलायची सोय, आणि आधीच्या मालकाचा पत्त्यांचा खेळ. डोक्यात जितकं कमी तितकं निजताना लिहायला कमी, उठताना वाचायला कमी. आता किल्ली फिरवल्यावर पट्टा लावून होईस्तोवर पडदा हजर असतो.

मी गाडीभोवती नाचले. शेजारच्या बाई खिडकी लावून घेताना दिसल्या.

संध्याकाळी मावशीने मला तिच्या सीटवर बसवलं, "पडदा तुझ्या डोळ्यांनी बघ" म्हणाली, आणि स्वतः चालवायला बसली. मग मुद्दाम चुका करत राहिली. गाडी मधेच रेषेवर नेली, वळणावर क्लच एकदम सोडला, लाल दिव्याकडे सरळ गेली. मी बोंबलले. "ओरडू नकोस, पाय वापर," ती म्हणाली, "ब्रेक तुझ्याही बाजूला आहे." मी दाबला. "उशिरा. पुन्हा." असं तासभर. कंटाळली असावी बिचारी, एकटीच असते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी आज माझ्या कामाची पिसं काढली. दातांच्या डॉक्टर आहेत त्या, मावशीच्या सगळ्यांत जुन्या विद्यार्थिनी. चौकात गाडी बंद पाडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. आज बंद पडली, त्यांनी घाईने किल्ली मागे फिरवली, लगेच पुढे फिरवली. एवढ्यात माझा शहाणा कॉम्प्युटर झोपायला निघाला होता! मग काय, आधी सगळं लिहून संपवून झोपला, मग उठून सगळं वाचत बसला. मागे भोंग्यांचा गजर.

"हे आधी सावकाश व्हायचं ते बरं होतं का गं?" मावशी गोड आवाजात म्हणाली.

"मी घाबरले की दात घट्ट दाबते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रुग्णांना करू नका सांगते ते सगळं करते."

घरी आल्यावर दुरुस्त केलं. आता किल्ली बंद झाल्यावर तो जरा थांबून बघतो, परत फिरतेय का ते. नाहीच फिरली तर मगच अंथरूण घालतो. लहान बॅटरी तेवढं सहज सोसते.

एक गंमत. आज सकाळी किल्ली फिरवली तर पडद्यावर रस्त्यावरचे दिवे लागलेले, आणि बाहेर लख्ख ऊन! मी डोळे चोळतेय तोवर पडद्यावरही ऊन आलं. कॅमेरे स्वस्तातले आहेत, उजेडाला सरावायला वेळ लागत असणार. मलाही सकाळी तसंच होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

त्या दुरुस्तीनंतर तीन दिवस एकदाही दगा नाही. मावशी आल्यागेल्याला मला दाखवते, "ही माझी भाची, हिने माझी मान दुरुस्त केली." मी मान खाली घालते, पण आतून फुगलेली असते.

हॉटेलवाल्यांचा फोन आला, कधी येताय. म्हटलं तपासणी झाली की लगेच. यंत्र उत्तम आहे, मावशी खूश आहे, मला इथे थांबायचं कारणच उरत नाही. मावशीला सांगितलं. "हो, हो," ती म्हणाली. "उद्या तेवढी पुन्हा माझ्या बाजूला बस. चढावर करून बघायचंय."

पडदा चढावर वेगळा दिसतो की काय? पण तिला नाही म्हणवत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोनदा लिहून खोडलं. आता घडलं तसं सरळ लिहिते.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा वर्ग होता. त्यांच्या दवाखान्याच्या अंगणात गाडी भिंतीकडे तोंड करून लावली. त्यांच्याकडे एक रुग्ण मधेच आला, तेव्हा मावशीने गाडी बंद केली, आम्ही आत पंख्याखाली बसलो. बऱ्याच वेळाने बाई आल्या, हातमोजे खिशात कोंबत चालकाच्या सीटवर बसल्या, मावशी शेजारी, मी मागे. किल्ली फिरवली. पडदा लगेच आला.

"मागे मोकळं आहे," मावशी पडद्याकडे बघत म्हणाली. "घ्या मागे. हळू."

मी खिडकीतून वर बघत होते, दवाखान्याच्या गच्चीत कुणीतरी सायकल दोरीने टांगली होती. ती का टांगली असेल म्हणून वळत वळत बघता नजर मागच्या काचेवर गेली, आणि डाव्या कोपऱ्याशी एक पाठ दिसली. माणसाची. खाली वाकलेली.

मी काय ओरडले आठवत नाही. मावशीचा पाय ब्रेकवर आदळला. फुटल्याचा आवाज झाला, कडकड, आणि कुणीतरी "अगं आई गं!"

कुंडीवाला होता. दवाखान्यात झाडं द्यायला आलेला, कुंड्या जमिनीवर ठेवून ओणवा होऊन माती सारखी करत होता. गाडी त्याच्या कुंड्यांना लागली, तो मागच्या मागे बसला. खरचटलंही नाही. अंगावर माती, हातात एक रोप मुळांसकट.

"बाई, मी दिसलो नाही?" तो मावशीला म्हणाला. अंगाने चांगला भरलेला माणूस. "एवढा पसारा देवाने दिलाय, तो दिसला नाही?"

मावशी खाली उतरली, त्याच्यापुढे उभी राहिली, आणि वाकून फुटक्या कुंड्यांचे तुकडे वेचायला लागली. मी आधी कधी असं पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होत्या.

मी पडद्याकडे पाहिलं. कुंडीवाला डाव्या अर्ध्यात अगदी स्पष्ट दिसत होता, अंगावरची माती झटकताना.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मावशीने कुंड्यांचे पैसे दिले, माफी मागितली, घरी येऊन न जेवता झोपली.

मी कॉम्प्युटर पूर्ण तपासला. काही बिघाड नाही. कॅमेरे चालू, पडदा चालू, आणि काल तो उठलाही झटकन, मी स्वतः पाहिलं. तो माणूस पडद्यावर होता, तेही मी पाहिलं. म्हणजे मावशीला तो दिसला नाही. लिहायला जड जातंय, पण यंत्राचा दोष नाही.

तिला तसं सांगितलं, शक्य तितक्या हळुवारपणे.

"माहितेय," ती म्हणाली. "मी नीट बघितलं होतं, भिंगरे. देवाशप्पथ बघितलं होतं. मला मोकळं अंगण दिसलं."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. अक्षरं वाचली, ठिपके मोजले, थेंब घातले. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, या वयात माझी असती तर काय.

मला वाटलं ती खूश होईल. घरासमोर आल्यावर म्हणाली, "डोळे बरे आहेत. म्हणजे बिघाड डोळ्यांच्या मागे आहे. माणूस समोर असताना ज्या बाईला मोकळं अंगण दिसतं, तिने शिकवू नये."

"एकदा चुकलीस. माणसं चुकतात."

"त्याचं डोकं चाकाखाली असतं तर?"

सगळ्या विद्यार्थ्यांना फोन केले. महिनाअखेरीनंतर वर्ग नाहीत, दुसरी शाळा बघा. तपासनीस बाईंना पाटी स्वतःच्या हाताने काढून द्यायची असं तिने ठरवलंय. एका विद्यार्थ्याने कारण विचारलं तर म्हणाली, "वय झालं." बावन्न वर्षांची आहे!

स्वयंपाकघरात जाऊन मी पाण्याचा नळ सोडला आणि रडून घेतलं. मला इथून निघायचं होतं ते सगळं ठीक ठेवून.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

मी गाढव आहे. सावकाश लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

मावशी आत कपाट आवरत बसली होती. मला घरात बसवेना, म्हणून गाडीत जाऊन बसले. उगाच किल्ली चालू केली. पडद्यावर मावशीचा बोका दिसत होता, गाडीमागे रस्त्याच्या कडेला बसून पाय वर करून स्वतःला चाटत. त्याला म्हणतात निवांतपणा. जरा वेळ त्याला बघितलं, मग किल्ली बंद केली. कॉम्प्युटर झोपला. मी खाली उतरले, बोक्याला उचललं, गाडीत घेऊन आले, मांडीवर ठेवलं. त्याला पडदा दाखवावा असं मनात आलं. किल्ली फिरवली.

पडदा आला. पडद्यावर गाडीमागे बोका बसलेला, पाय वर करून.

बोका मांडीवर, बोका पडद्यावर.

बघता बघता पडद्यावरचा बोका गायब झाला आणि रिकामी कड उरली.

मला आधी हसू आलं. मग हसता हसता थांबले.

झोपताना तो डोक्यातलं सगळं उतरवून ठेवतो. सगळं! पडद्यावरचं शेवटचं चित्रसुद्धा. उठल्यावर तेच पहिल्यांदा दाखवतो, कारण त्याच्या मते वेळ गेलेलाच नाही. कॅमेरे बिचारे मागाहून जागे होतात, आणि तेव्हा कुठे खरं चित्र येतं. गाडी जिथे लावली तिथेच उठते, म्हणून चित्र नेहमी बरोबर जागेचंच असतं. फक्त मघाचं. दुपारच्या उन्हात लावलेली गाडी दुपारच्याच उन्हात उठवली तर कुणाच्या बापाला कळणार?

अंगण मोकळं होतं. गाडी बंद केली तेव्हा होतंच. मावशीने बघितलं, नीट बघितलं, आणि तिला ते दिसलं. मी पडद्याकडे बघेपर्यंत खरं चित्र आलेलं होतं.

आणि सकाळी पडद्यावर रस्त्यावरचे दिवे. उजेडाला सरावतोय म्हणे.

तिला सांगायला जाते.

त्याच दिवशी, दुपार

"मावशी, तुझे डोळे ठीक आहेत. डोकंही ठीक आहे."

"डोक्याचं तू सांगणार?"

"बाहेर ये."

बोका तोवर पळाला होता. मग मी मावशीलाच गाडीमागे उभी केली. "कशाला?" "उभी राहा गं." ती कमरेवर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून उभी राहिली. मी किल्ली चालू केली, पडदा आल्यावर बंद केली, तो झोपेपर्यंत थांबले. मग तिला बोलावून शेजारी बसवलं आणि म्हटलं, "आता पडद्याकडे बघ. मागे कोण आहे सांग."

किल्ली फिरवली. पडद्यावर मावशी, कमरेवर हात, आठ्या.

शेजारी बसलेल्या मावशीने आधी स्वतःचे हात पाहिले. मग पडद्यावरची मावशी नाहीशी झाली, मागे नुसता रस्ता उरला.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला तिने गाडीमागे उभं राहून वाकुल्या दाखवल्या आणि आत येऊन स्वतःच्याच वाकुल्या बघितल्या. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. पाच दिवस ती स्वतःला काय समजून बसली होती, ते मला तेव्हा पुरतं कळलं.

"मी बघितलं होतं," ती म्हणाली.

"बघितलं होतंस."

"त्या माणसाला मी तू साठवलेल्या अंगणात शोधत होते."

"हो."

मग ती अख्खी माझ्याकडे वळली. "आणि तू मला सांगितलंस यंत्राचा दोष नाही!"

"मला तसं वाटलं."

"लवकर उठतं म्हणून गाडीभोवती नाचलीस. उठून खरं बोलतं का, ते बघितलंस?"

मी म्हटलं, "उखडून टाकते सगळं. पूर्वीसारखं सावकाश करते."

"खबरदार! सावकाश होतं तेव्हा मी पडदा नसतानाच गाडी काढायची, ते काय फार शहाणपणाचं होतं? नीट कर. पण आधी जेव. आणि मलाही वाढ, मंगळवारपासून घशाखाली घास उतरलेला नाही."

२४ फेब्रुवारी, सोमवार

झालं. निजण्याआधी तो आता चित्र बंद करतो आणि पडद्यावर काळं पांघरूण घालतो. उठल्यावर पहिलं काम, दोन्ही कॅमेऱ्यांना हाक मारायची. दोघांकडून ताजं चित्र आलं की मगच पांघरूण काढायचं. एकाने जरी ओ दिली नाही तर काळाच राहा.

आधीपेक्षा फार लवकर, परवापेक्षा जरा उशिरा. मावशी बसून बघत होती. पडदा काळा, काळा, काळा, मग रस्ता.

"एवढा वेळ काय करायचं?" तिने विचारलं.

"थांबायचं."

"मला?" मावशी म्हणाली. मग मान डोलावली, वर-खाली, जेवढी होते तेवढी.

बोक्याला घेऊन वीस खेपा करून पाहिलं. माझ्या हातावर नखांचे ओरखडे आहेत, पण पडदा एकदाही खोटं बोलला नाही.

हॉटेलचा पुन्हा फोन. उचलायचा राहिला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणी झाली.

तपासनीस बाई उंच, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर काही उमटू न देणाऱ्या. मी घरात थांबणार होते, मावशीने दंडाला धरून गाडीत घातलं. चालकाच्या सीटवर डॉक्टरीणबाई. मावशीने दुसरा सोपा विद्यार्थी घ्यायला हवा होता, असं मी म्हटलं होतं. "सोप्याला कुणीही शिकवेल," ती म्हणाली.

किल्ली फिरली. पडदा काळा.

"पडदा बंद आहे," मागून बाई म्हणाल्या.

"बंद नाही. त्याला मागचं अजून माहीत नाही, म्हणून गप्प आहे," मावशी म्हणाली. "त्याने सांगितल्याशिवाय गाडी हलत नाही."

डॉक्टरीणबाईंनी हात मांडीवर ठेवले. मग दोन्ही अर्धे उजळले. "निघा," मावशी म्हणाली.

गाडी चौकात बंद पडली नाही. दुसऱ्या चौकात पडली, पण डॉक्टरीणबाईंनी दात न दाबता पुन्हा सुरू केली. सगळं छान चाललं होतं. मी मनात उड्या मारत होते. परत येऊन गाडी थांबली, तपासनीस बाईंनी पेन काढलं, आणि मावशी म्हणाली, "लिहिण्याआधी ऐका. माझी मान वळत नाही."

मी तिच्या सीटला मागून गुडघा मारला. तिला मागचं दिसत नाही, पण कळलं नक्की.

तिने सगळं सांगितलं. ट्रक, पट्टी, कॅमेरे, अस्वल नव्हे तर पुस्तकातली खूण, आणि कुंडीवाला. डॉक्टरीणबाई मधेच म्हणाल्या, "चालवत मी होते." मी म्हणाले, "पडदा माझा होता." तपासनीस बाई तिघींकडे आळीपाळीने बघत होत्या.

"हे न सांगता तुम्ही आज पास झाल्या असता," त्या मावशीला म्हणाल्या.

"झाले असते. आणि उद्या पडदा काळाच राहिला तर? हिचं यंत्र गप्प राहायला शिकलंय, ते चांगलंच आहे. पण तो गप्प असताना मागे कुणी आहे का, ते कुणीतरी बघायला हवं ना. मला नाही जमत."

तपासनीस बाई बाटलीतून पाणी प्यायल्या. मला वाटलं, संपलं. पाटी काढायची.

"परवाना चालू राहील," त्या म्हणाल्या. "अट घालते. वर्ग चालू असताना गाडीत परवाना असलेलं दुसरं माणूस हवं. पुढे, ब्रेकपाशी. मान वळणारं. तुम्ही मागे बसून शिकवा. असं कुणी आहे तुमच्याकडे? ब्रेक वापरता येणारं?"

"आहे," मावशी म्हणाली. "तीन आठवडे तयार करतेय."

कोण, असं मी विचारणार होते.

१ मार्च, शनिवार

मावशीवर दोन दिवस रुसून झालं. रेषेवरून गाडी नेणं, चढ, "पाय वापर", सगळं ठरवून चाललेलं. म्हणे, "विचारलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बेटावर असतीस." खरं आहे, म्हणून जास्त राग आला. हॉटेलला फोन करून सांगितलं, सध्या जमणार नाही. सध्याच म्हटलंय.

आज पहिला वर्ग. नवा विद्यार्थी, घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, हात स्थिर पण घाबरलेले. ते चालकाच्या सीटवर, मी शेजारी, पाय ब्रेकवर. मावशी मागे मधोमध बसून, राणीसारखी.

"किल्ली," ती म्हणाली.

किल्ली फिरली. पडदा काळा. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर मी कधी कुणासाठी बघितलेलं नाही, नुसतं इकडेतिकडे बघत आलेय.

मी मान वळवली. आधी डावीकडे, पार खांद्यापर्यंत, काचेतून कोपरा दिसेतो. मग उजवीकडे. कड, गटाराचं झाकण, समोरच्या घराची पायरी. पुन्हा एकदा डावीकडे. तोवर पडदाही उजळला होता, त्यातही तेच.

"बोल," मावशी मागून म्हणाली.

मागे कुणी नव्हतं. खरंच कुणी नव्हतं.

"चला," मी म्हणाले.